विश्लेषण : ‘तू शहाणी आहेस ना!’ मेंदूला इजा झालेल्या मुलाच्या भावंडाकडे कोण पाहते?

अपघातात किंवा आजारपणात एखाद्या मुलाच्या मेंदूला इजा झाली की डॉक्टर त्या मुलाकडे पाहतात, नातेवाईक आई-वडिलांकडे पाहतात आणि सरकारी यंत्रणा प्रमाणपत्रावरच्या टक्केवारीकडे. त्याच घरात वाढणाऱ्या दुसऱ्या मुलाची किंवा मुलीची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही. आई-वडील थकले की मात्र याच भावंडाचे नाव ‘पालक’ म्हणून अर्जावर येते. तोवर त्याला कुणी काही विचारलेले नसते, सांगितलेलेही नसते.

कळंब्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न कसा उभा राहतो?

कळंबा निम्मे गाव आणि निम्मे कोल्हापूरचे उपनगर. गारगोटी रस्त्यावर आणि रिंगरोडवर सकाळ-संध्याकाळ दुचाकींची रांग असते. आई-वडिलांच्या मध्ये एक मूल आणि पुढे टाकीवर दुसरे, हे दृश्य इतके रोजचे की कुणी वळून पाहत नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे. चार वर्षांखालच्या मुलांसाठी हेल्मेट, पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाली. कोल्हापुरात हेल्मेटसक्तीला दर वेळी विरोध होतो. टोल घालवणाऱ्या शहराला तो बाणा शोभतही असेल, पण टाकीवर बसलेल्या मुलाने त्या बाण्याची किंमत का मोजावी, याचे उत्तर कुणी दिलेले नाही.

अपघात हे एक कारण झाले. गच्चीवरून पडणे, तलावात किंवा विहिरीत बुडताना मेंदूला प्राणवायू न मिळणे, मेंदूज्वर, जन्माच्या वेळी मूल उशिरा रडणे ही बाकीची.

समजा, इथल्या एका घरात चौदा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी आहे. मुलाला अपघात होतो. त्याला आधी सीपीआरला आणि तिथून पुढे मोठ्या रुग्णालयात हलवले जाते. मुलीला त्याच रात्री आत्याकडे पोहोचवतात. ‘दादा बरा होऊन येणार आहे’ एवढेच तिला कळते. दीड महिन्याने दादा घरी येतो. चेहरा तोच, आवाज जवळजवळ तोच, पण तो तिच्यावर ताट फेकतो, दहा मिनिटांपूर्वी जेवलेले विसरतो, पाहुण्यांसमोर काहीही बोलतो. ‘बरा होऊन’ आलेला हाच का, असे तिला वाटते, पण विचारायचे कुणाला? आई औषधांच्या वेळा सांभाळतेय आणि वडील हातउसने पैसे फेडताहेत.

मेंदूची इजा इतर अपंगत्वापेक्षा वेगळी कशी?

पाय मोडला तर तो दिसतो. मेंदूतली जखम बाहेरून दिसत नाही. डोक्यावरचे केस पुन्हा वाढले, मूल चालू-बोलू लागले की शेजारी म्हणतात, ‘झाला की बरा!’ खरी अडचण तिथून सुरू होते. कपाळामागचा मेंदूचा भाग रागाला आवर घालणे, कामाचा क्रम लावणे, समोरच्याच्या मनाचा अंदाज घेणे अशी कामे करतो. तिथे मार बसला तर स्वभावच बदलतो. १८४८ मध्ये अमेरिकेतील फिनिआस गेज या रेल्वे कामगाराच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, चालू-बोलू लागला, पण त्याच्या वागण्यात असा फरक पडला की ओळखीचे लोक म्हणू लागले, हा आता गेज राहिलेला नाही. मेंदूशास्त्रात हे उदाहरण आजही शिकवले जाते.

रुग्णालयाच्या कागदांवर ‘जीसीएस’ नावाचा आकडा असतो. बेशुद्धीची खोली मोजणारी ही मोजपट्टी १९७४ मध्ये ग्लासगो येथे तयार झाली. तिचे गुण ३ ते १५. आठ किंवा त्याखाली गंभीर, तेरा ते पंधरा ‘सौम्य’. हा ‘सौम्य’ शब्द घरच्यांना फसवतो. सौम्य इजेनंतरही डोकेदुखी, लवकर थकणे, लक्ष न लागणे, आवाज सहन न होणे काही मुलांना महिनोन्महिने छळते. घरात त्याला आळस किंवा नाटक समजले जाते.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. कपाळामागचा हा भाग पूर्ण पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. त्यामुळे सातव्या वर्षी झालेल्या इजेचा खरा परिणाम कधी कधी आठवी-नववीत दिसतो, कारण स्वतःचे वेळापत्रक आखणे, मित्रांतले टोमणे ओळखणे, मोह आवरणे या गोष्टी तेव्हाच लागतात. त्या वेळी जुन्या अपघाताची आठवण कुणाला होत नाही. एकाच टेबलावर अभ्यास करणाऱ्या भावंडाच्या ते आधी ध्यानात येते. त्याला मात्र कुणी साक्षीदार मानत नाही.

भावंडाच्या वाट्याला नेमके काय येते?

पहिली गोष्ट म्हणजे असे दुःख, ज्याचे सुतक पाळता येत नाही. माणूस समोर आहे, पण आधीचा माणूस नाही. अमेरिकेतील कुटुंबविषयक अभ्यासक पॉलीन बॉस यांनी अशा अवस्थेला नाव दिले. मराठीत त्याला ‘अनिश्चित वियोग’ म्हणता येईल. ज्याच्या मेंदूला जन्मतःच इजा झाली, त्याच्या भावंडाला तो आहे तसाच ठाऊक असतो. सात-आठ वर्षे एकत्र खेळून झाल्यावर इजा झाली तर त्याच्याकडे ‘आधीचा दादा’ आठवणीत असतो आणि त्या दादाबद्दल घरात बोलायला बंदी असल्यासारखे वातावरण असते. जुना व्हिडिओ लावला की आई रडते, म्हणून तो लावायचा नाही.

दुसरी गोष्ट अपराधीपणाची. सहा-सात वर्षांपर्यंतची मुले आपल्या मनातल्या विचारामुळे बाहेर काही घडते, असे मानतात. भांडणात ‘तू मर’ म्हटले आणि दुसऱ्या दिवशी अपघात झाला, तर ते मूल ही गाठ मनात बांधून मोठे होते. मोठ्या मुलांचे वेगळे असते. गाडीवर दोघे होते आणि एकालाच लागले, किंवा ‘आज तू जा दुकानात’ असे म्हटले होते. ‘तुझ्यामुळे झालेले नाही’ हे वाक्य अशा मुलाला स्वच्छ शब्दांत, एकदा नव्हे तर अनेकदा ऐकू यावे लागते. बहुतेक घरांत ते एकदाही उच्चारले जात नाही. आई-वडिलांच्या डोक्यात ही शंकाच आलेली नसते.

तिसरी गोष्ट नात्यांच्या उलटापालटीची, आणि मराठी घरात ती अधिक टोचते. ‘दादा’ हा आपल्याकडे नुसता शब्द नाही, तो हुद्दा आहे. धाकटी सहावीतून सातवीत जाते, आठवीत जाते, दादाच्या पुढे निघून जाते. ज्याने तिला सायकल शिकवली त्याच्या शर्टाची बटणे ती लावते, तरी हाक ‘दादा’च मारायची असते. भाऊबीजेला आई मुलाच्या मुठीत नोट कोंबते आणि त्याचा हात धरून ती ताटात टाकते. मुलगी हसून ओवाळते. त्या हसण्यामागे काय चाललेय, हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही.

मग येते ते ‘तू शहाणी आहेस ना!’. हे कौतुकाचे वाक्य वर्षानुवर्षे ऐकले की त्याचा हुकूम होतो. शहाण्या मुलाने हट्ट करायचा नाही, सहलीचे पैसे मागायचे नाहीत, स्वतःचा ताप लपवायचा, भावाने वही फाडली तरी तक्रार करायची नाही आणि गुण मात्र दोघांच्या वाटचे मिळवायचे. राग आला तर रागाचीच लाज वाटते. मुलगी असेल तर कामाचा वाटा आपोआप तिच्याकडे सरकतो. मुलगा असेल तर ‘पुढे तुलाच बघायचेय’ हे त्याला मिसरूड फुटण्याआधी कळते. चुलत भावंडे एकत्र वाढणाऱ्या घरांत हा भार वाटला जातो खरा, पण घर फुटले, प्लॉट वेगळे झाले की सख्ख्यावरच येतो. लग्नाचे वय झाले की स्थळ आणणारे हलक्या आवाजात विचारतात, ‘घराण्यात आहे का हो काही?’ डोक्याला लागलेला मार रक्तातून उतरत नाही, हे सांगूनही समोरच्याचा चेहरा बदलत नाही.

अशा भावंडांवरच्या संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काहींमध्ये चिंता आणि नैराश्य जास्त आढळते, तर काहींमध्ये समजूतदारपणा आणि दुसऱ्याला सांभाळण्याची ताकद. दोन्ही एकाच मुलात असू शकतात. म्हणून ‘बघा किती लवकर मोठी झाली’ या कौतुकाकडे जरा संशयाने पाहायला हवे. नऊ वर्षांच्या मुलीने लवकर मोठे होणे ही घराची कमाई नव्हे, तो खर्च आहे.

मराठी रंगभूमीला आणि चित्रपटाला हा विषय अनोळखी नाही. लहानपणी डोक्याला मार लागून मन तिथेच थांबलेला नंदू दिलीप प्रभावळकर यांनी १९९१ च्या ‘चौकट राजा’मध्ये घराघरांत पोहोचवला. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ने आणि २०१७ च्या ‘कच्चा लिंबू’ने मतिमंद मुलाच्या आई-वडिलांची घुसमट दाखवली. या सगळ्या कथांत पालक आहेत, शेजारी आहेत, मैत्रीण आहे. सोबत वाढणारे भावंड मध्यभागी आलेले नाही.

कायद्यात मेंदूची इजा कुठे बसते?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वे आहेत. ‘मेंदूची इजा’ असा स्वतंत्र प्रकार त्यात नाही. जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लगेच मेंदूला इजा झाली आणि हालचालींवर परिणाम झाला तर तो ‘सेरेब्रल पाल्सी’ होतो आणि यादीत बसतो. तशीच इजा बाराव्या वर्षी झाली तर तिच्या परिणामांचे तुकडे करून ते वेगवेगळ्या रकान्यांत शोधावे लागतात. हात-पाय लुळे पडले असतील तर अस्थिव्यंग, वाचा गेली असेल तर वाचा व भाषा दोष, आकलन घटले असेल तर बौद्धिक अपंगत्व आणि एकाहून अधिक असेल तर बहुविकलांगता. ज्याचे हात-पाय, वाचा, बुद्ध्यांक ठीक आहेत पण रागावरचा ताबा आणि स्मरणशक्ती गेली आहे, त्याला टक्केवारी मिळवताना नाकी नऊ येतात. अमेरिकेने १९९० मध्येच विशेष शिक्षणाच्या कायद्यात अपघाती मेंदू-इजेचा वेगळा प्रकार केला. आपल्याकडे तो व्हायला हवा. प्रमाणपत्र नाही म्हणजे सवलत नाही, शाळेत मदतनीस नाही, अनुदान नाही. मग त्या सगळ्याची भरपाई घरातले दुसरे मूल करते.

प्रमाणपत्र असेल तर ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे, मग ती शेजारची साधी शाळा असो वा विशेष शाळा. कोल्हापुरात शेंडा पार्कातील ‘चेतना’सारखी संस्था बौद्धिक अक्षम मुलांसाठी काम करते. ‘अती मदतीची गरज’ असलेल्यांच्या सांभाळासाठी भत्त्याची तरतूदही २०१६ च्या कायद्यात आहे. तिचा लाभ घरोघरी पोहोचलेला दिसत नाही, हा भाग वेगळा.

सांभाळण्याच्या कामाची किंमत कुणी केली आहे का?

केली आहे, सर्वोच्च न्यायालयाने. २००७ मध्ये आई-वडिलांसोबत ट्रॅक्टरवरून जाणाऱ्या हरियाणातील एका १२ वर्षांच्या मुलीला ट्रकची धडक बसली आणि मेंदूला कायमची गंभीर इजा झाली. तिचे मानसिक वय नऊ महिन्यांच्या बाळाइतके राहिले. फेब्रुवारी २०२० च्या निकालात न्यायालयाने तिला एकूण ६२ लाख २७ हजार रुपये मंजूर केले. त्यात दोन मदतनीस धरले, प्रत्येकी महिना ५ हजार रुपये, १८ चा गुणक. फक्त सांभाळण्याचा हिशेब २१ लाख ६० हजार रुपये झाला.

हा आकडा प्रत्येक घराने एकदा मोठ्याने वाचावा. न्यायालयाने ज्या कामासाठी दोन पगारी माणसे धरली, ते काम कित्येक घरांत एक आई आणि दहावीतली एक मुलगी मिळून करतात. अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागताना वकील उपचाराची बिले जोडतात, पण सांभाळण्याचा खर्च नीट मांडतातच असे नाही. घरचेच करतात, मग खर्च कसला, हा त्यामागचा समज. तो सोडायला हवा.

घराने आणि शाळेने काय करावे?

सगळ्यात आधी खरे सांगावे, तेही लवकर. अतिदक्षता विभागातल्या नळ्या पाहून मूल घाबरेल म्हणून त्याला महिनाभर दूर ठेवले जाते. पण आत काय आहे हे माहीत नसताना ते जे चित्र मनात रंगवते, ते बहुधा नळ्यांपेक्षा भयानक असते. आधी फोटो दाखवून, काय दिसेल ते सांगून पाच मिनिटांची भेट घडवता येते. ‘बरा होऊन येईल’पेक्षा ‘त्याच्या मेंदूला लागलेय, काही गोष्टी परत येतील, काही येणार नाहीत, कुठल्या ते अजून डॉक्टरांनाही माहीत नाही’ हे वाक्य नऊ वर्षांच्या मुलीला पेलते.

दुसरे म्हणजे आठवड्यातला ठरलेला वेळ. तासभर का होईना, आई किंवा वडिलांपैकी एकाने फक्त तिच्याबरोबर घालवायचा. कळंबा तलावावर चक्कर मारली तरी चालेल. त्या तासात भावाचा विषय तिने काढला तरच निघावा. घरातली कामे वाटताना भाऊ हिंसक होतो त्या वेळी त्याला आवरण्याचे काम मुलीकडे कधीच देऊ नये. तिला दार लावून बसता येईल अशी एक जागा घरात हवी, आणि तिच्या वह्या-पुस्तकांना कुलूप.

शाळेत भावंडे एकत्र असतील तर भावाला फिट आली की धाकटीला वर्गातून बोलावून आणतात. हे थांबले पाहिजे. मेंदूच्या इजेनंतर काही मुलांना फिट येऊ शकते, आणि तिची हाताळणी हे शिक्षकांचे काम आहे. मुलाला कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, कांदा-चप्पल शोधत बसायचे नाही, घड्याळ पाहायचे, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करायचा. एवढे शिकवायला अर्धा तास पुरतो. वर्गशिक्षकांना घरची परिस्थिती माहीत असेल तर गृहपाठ न झाल्याच्या दिवशी त्या मुलीला वर्गाबाहेर उभे राहावे लागणार नाही.

भावंडांनी भावंडांना भेटावे, ही कल्पनाही नवी नाही. अमेरिकेत डॉन मायर यांनी १९८२ च्या सुमारास सिअ‍ॅटलमध्ये अशा मुलांचे ‘सिबशॉप’ सुरू केले. खेळ, खाणे आणि मध्येच गप्पा, असे त्याचे स्वरूप. ‘माझा भाऊ पण असेच करतो’ हे वाक्य दुसऱ्या मुलाच्या तोंडून ऐकले की जे होते, ते समुपदेशकाच्या दहा बैठकांत होत नाही. यासाठी एक सभागृह आणि महिन्यातला एक रविवार लागतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. बऱ्याच ठिकाणी तो निधी वस्तूवाटपात संपतो. कळंब्यासारख्या वाढत्या वस्तीत त्यातला थोडा भाग आसपासच्या गावांतील अशा कुटुंबांच्या एकत्र येण्यासाठी वापरता यावा. हद्दवाढ होईल तेव्हा होईल, हा रविवार त्यासाठी थांबायला नको. एखादे भावंड फारच मिटून गेले असेल, झोपत नसेल, स्वतःला इजा करण्याची भाषा करत असेल तर ‘टेलिमानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

आई-वडिलांनंतर काय?

हा प्रश्न घरात सगळ्यांच्या मनात असतो, पण जेवताना कुणी काढत नाही. अठरा वर्षे पूर्ण झाली की आई-वडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे अनेकांना बँकेच्या काउंटरवर कळते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालक नेमते. आई-वडील किंवा नातेवाईक अर्ज करतात, आणि भावंडाचे नाव पालक म्हणून देता येते. या चारांत न बसणाऱ्यांसाठी २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची सोय आहे. पूर्ण बेशुद्धावस्थेतील रुग्णांसाठी उच्च न्यायालयांनी रिट याचिकेवर पालक नेमले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने अशा कामासाठी आता मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत.

राष्ट्रीय न्यास कायद्याखाली नेमलेला पालक म्हणजे नुसते सही करणारे माणूस नव्हे. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्याने त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या, स्वतःचा संसार असलेल्या बहिणीला हे पेलेल का, हे तिलाच विचारायला हवे. तिचे उत्तर ‘पैशाचे व्यवहार मी बघेन, पण रोजचा सांभाळ नाही’ असे असू शकते. ‘आता नाही, पाच वर्षांनी’ असेही असू शकते. ‘नाही’ असेही. उत्तर आई-वडील धडधाकट असताना मिळाले तर मृत्युपत्र, मुलाच्या नावे विश्वस्त निधी, निवासी संस्थेत आधीच नाव नोंदणी असे मार्ग उरतात. तेराव्याच्या पंगतीत चुलत्याने ‘आता तूच त्याची आई’ असे जाहीर केल्यावर त्यातले फारसे काही हाती राहत नाही.